चौथा धातू

बडोदा, ९ जुलै २०१७

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. आमचा शोधनिबंध छापून आला. पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. नावांच्या रांगेत पहिलं नाव बघा, निर्मला शु. धोडी. 'शु.' कशाचा, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं होतं. मी म्हटलं, शुक्रीचा. ते म्हणाले, वडिलांचं नाव लावतात ना? मी म्हटलं, वडील मी दोन वर्षांची असताना गेले. शाळेत आईनं घातलं.

तुम्ही नववीत शिकवलं होतं की उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ, सगळं घडवून आणतो आणि स्वतः कोराच राहतो. मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं होतं, त्याला जेवायला तरी देतात का? तुम्ही हसून खडू खाली ठेवला होता. आमच्या कामात असे तीन मध्यस्थ एकाच मांडवात आहेत. तांबं दोन रेणू जोडतं, चांदी त्या जोडलेल्या साखळीचं कडं करते आणि लोखंड त्या कड्यावर शेवटी ऑक्सिजन बसवतं. एरवी याला तीन भांडी लागतात. प्रत्येक वेळी गाळा, धुवा, वाळवा, पुन्हा मांडा. धातू एकत्र आले की एकमेकांचं काम बिघडवतात. आम्ही तिघांना एका फ्लास्कमध्ये नांदवलं. मुख्य म्हणजे पहिल्या जोडणीला सगळे जण पॅलेडियम नावाचा दुर्मीळ धातू घेतात. आम्ही तो घेतलाच नाही. कौतुक सगळं त्याचं आहे.

सर म्हणाले, दिवाळीपर्यंत प्रबंध लिहून दे, मी सही करतो. म्हणजे दिवाळीनंतर मी घरी. पाड्यावर अजून फोन लागत नाही, म्हणून हे पत्र नेहमीसारखं आईला वाचून दाखवाल ना? काय गाळायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची विद्यार्थिनी,
निर्मला


डहाणू, २३ जुलै २०१७

चि. निर्मला,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र घेऊन मी गुरुवारी तलासरीच्या एसटीत बसले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्या रस्त्याला लागले की पर्समध्ये खडूची पेटी आहे का ते हात आपोआप चाचपतो.

शुक्री लावणीत होती, गुडघाभर चिखलात. हात माखलेले, म्हणून झेरॉक्स मीच तिच्या डोळ्यांपुढे धरली.

"यात माझं नाव कुठं?"

मी 'शु.'वर बोट ठेवलं.

"येवढासाच?"

"एवढाच."

"कागद तर मोठा हाय. जागा नव्हती काय?"

मग मी तिला तीन धातूंची गोष्ट सांगितली, मला समजली तशी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ती भांड्यात ढवळते." मी म्हटलं, हो, तसंच. "मग त्याला सहा वर्षं बडोद्याला कशाला?" बांधावरच्या बायका हसल्या. ती मात्र हसली नाही. रोपांची जुडी उचलून पुन्हा वाकली. पण मी निघताना मागून ओरडून म्हणाली, "बाई, दिवाळीला सांग तिला, कोंबडा राखून ठेवते."

माझ्या घरी सगळे बरे. हरिश्चंद्रदादा चिकूच्या तोडणीत आहे. हिरकणी वहिनीनं तुझ्यासाठी चिकूच्या सुक्या फोडी बरणीत भरल्यात. आमच्या घरात माझ्याशिवाय कुणाला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, तरी सगळ्यांना तू आमचीच वाटतेस. डॉक्टर झालीस की पहिला चहा माझ्या हातचा घ्यायचा.

तुझी,
निशिगंधाबाई


बडोदा, ४ फेब्रुवारी २०१८

आदरणीय बाई,

दिवाळीला आले नाही आणि नंतर लिहिलंही नाही, याची क्षमा. लिहिण्यासारखं चांगलं काही घडेल म्हणून थांबले होते.

सप्टेंबरात जपानहून सरांना एक पत्र आलं. तिथल्या संशोधकांनी आमचा प्रयोग आमच्याच कृतीनं करून पाहिला. काहीच झालं नाही, दोन्ही रेणू जसेच्या तसे. सरांनी मला समोर उभं करून प्रयोग करायला लावला. माझ्या हातून झाला. मग सरांनी तो धनेशला दिला. धनेश आपला वाणगावचा आहे, नुकताच लागलाय, हुशार आणि नेटका. त्याच बाटल्या, तेच वजन, तेच तापमान. मी शेजारी उभी. त्याचा झाला नाही. आतापर्यंत एकोणीस वेळा झालेला नाही. माझा मात्र प्रत्येक वेळी होतो.

सरांनी प्रबंध कपाटात ठेवला आहे. म्हणतात, "दुसऱ्या एकाच्या हातून होईपर्यंत मी सही करणार नाही. तू गेल्यावर कुणी विचारलं तर मी काय दाखवू?" त्यांचंही चूक नाही. पण बाई, मी काही लपवत नाही हे मी कसं सिद्ध करू? जे आहे ते सगळं वहीत लिहिलंय.

प्रयोगशाळेत आता गंमत चालते. फ्लास्क मांडला की कुणी तरी म्हणतं, "धोडी, मंतर म्हण ना, आम्हालाही ऐकू दे." काल एकानं बाकावर लिंबू ठेवलं होतं. आधी मी हसायचे. लिंबू मी उचलून मेसमध्ये दिलं. नंतर हात धुताना बराच वेळ नळ बंद करायचं सुचलं नाही.

बडोदा ते डहाणू चार-साडेचार तास. रविवारी जाऊन सोमवारी परत येता येईल इतकं जवळ. पण रविवारीही प्रयोग मांडलेला असतो, आणि तो फक्त मलाच येतो.

आईला यातलं काही वाचू नका.

निर्मला


डहाणू, १८ फेब्रुवारी २०१८

चि. निर्मला,

आशीर्वाद. वेडे, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? तुझ्या हाताला गुण आहे! एखाद्याच्या हातचं लोणचं मुरतं, दुसऱ्याचं बुरसतं. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही तुझ्याच परीक्षानळीत सुबक स्फटिक यायचे, आठवतं? धनेशला शिकव. थोडा धीर धर. चेष्टा करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, ते मत्सरानं बोलतात.

शुक्रीला सांगितलं की काम वाढलंय आणि सर तुझ्यावर फार खूष आहेत.

तुझी,
बाई


बडोदा, २५ नोव्हेंबर २०१८

आदरणीय बाई,

भूकंपाच्या धक्क्यांची बातमी इथल्या पेपरात वाचली. आई कशी आहे? घर उभं आहे का? आठ दिवसांची सुट्टी मागितली. सरांनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "महिनाअखेरीला कंपनीचे लोक प्रयोग बघायला येणार आहेत. तू नसशील तर कोण करणार?" मी म्हटलं, आमच्याकडे भूकंप आहे. ते म्हणाले, "फार मोठा नाही ना?"

माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपली. हल्ली प्रयोगातून निघणारं उत्पन्नही उतरत चाललंय. पूर्वी शंभरात ब्याऐंशी भाग मिळायचे, आता एकाहत्तर. सर म्हणतात माझं लक्ष नाही.

हाताला गुण असतो असं कृपा करून पुन्हा लिहू नका.

निर्मला


डहाणू, १० डिसेंबर २०१८

प्रिय निर्मला,

तुझं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. रागावले नव्हते, लाजले होते. आम्हाला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात दर रविवारी दुपारी घरी पत्र लिहावं लागे. सिस्टर ते वाचत, मगच पाकीट बंद होई. त्यामुळे मला गोड पत्रं छान लिहिता येतात. दुसऱ्याच्या दुःखाला उत्तर कसं लिहितात ते शिकायचं राहून गेलं.

शुक्री सुखरूप आहे. घराच्या मागच्या कुडाला चीर गेली आहे. पाड्यावरचे सगळे बाहेर ताडपत्रीखाली निजतात. धक्का येण्याआधी जमिनीतून ढोल बडवल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात. शुक्रीचं म्हणणं, आवाजाचीच भीती जास्त, हलणं तर लगेच संपतं. तुझी सुट्टी नाकारली हे मी तिला सांगितलं नाही. गाड्यांना गर्दी आहे म्हटलं.

आमच्याकडे डहाणूला धक्के सौम्य, पण परवाच्या धक्क्यानं फळीवरचं मोठं मडकं पडून फुटलं आणि हिरकणी वहिनी सुतक असल्यासारखी बसली. त्या मडक्यात ती थंडीभर उकडहंडी करते. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, लसणाच्या पातीचा हिरवा मसाला, सगळं एकदम भरून तोंड बंद करायचं आणि मंद आचेवर विसरून जायचं. काल तिनं नव्या मडक्यात केली. वाडीतल्याच भाज्या, तोच मसाला, तीच बाई. पण पहिल्याच घासाला हरिश्चंद्रदादानं विचारलं, "आज कोणी केली?" वहिनी म्हणाली, "मीच. पण वीस वर्षांचा मसाला त्या फुटक्या मडक्याच्या अंगात होता ना, तो कुठून आणू?" दोघांचं त्यावर चांगलंच जुंपलं. दादाचं म्हणणं, तुझा मसाला आळणी. वहिनीचं म्हणणं, इतकी वर्षं तुम्ही मडक्याचं कौतुक केलंत, माझं नव्हे.

तुला करमणूक व्हावी म्हणून हे लिहिलं. गोड पत्राची सवय जात नाही बघ.

तुझी,
बाई


बडोदा, २ जानेवारी २०१९

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वहिनींच्या मडक्याशी थांबले.

आमचं मडकं काचेचं. काच काही शोषत नाही. मग भांड्याच्या आत दुसरं काय असतं? ढवळायला आम्ही पळी घेत नाही. खडूच्या तुकड्याएवढी एक पांढरी कांडी असते, आत लोहचुंबक, वर प्लास्टिकचं कवच. खालचं यंत्र सुरू झालं की ती फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरते. आम्ही तिला बीड म्हणतो. आमच्याकडे रीत अशी, की संस्था सोडून जाणारा आपला बीड धाकट्याच्या हातावर ठेवतो, परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही ठेवतात तसा. मला प्रितेशदादानं त्याचा दिला होता. म्हणाला, पाच वर्षं साथ दिली यानं. तो मी रुमालात गुंडाळून माझ्या खणात ठेवते, धुऊन पुसून रोज तोच वापरते. बाकीचे खोक्यातून नवा काढतात. मला चांगली वस्तू असताना नवी काढायला जीव होत नाही, आईची सवय. वहीत वजन लिहिलं, तापमान लिहिलं, हवामान लिहिलं. बीड कोणता, हे कुणी लिहीत नाही.

प्रितेशदादानं ती पाचही वर्षं पॅलेडियमवर काम केलं होतं.

२६ तारखेला मी खोक्यातला नवा बीड घेऊन प्रयोग केला. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून काहीही झालं नाही. बाई, मला आनंद झाला हो! दुसऱ्या दिवशी धनेशला माझा बीड दिला, कारण सांगितलं नाही. शंभरात एकोणसत्तर! मी त्याला समजावून सांगणार तेवढ्यात तो "झालं, ताई, झालं!" म्हणत सरांच्या खोलीकडे धावलासुद्धा.

सर आले. त्यांनी धनेशच्या पाठीवर थाप मारली, कपाटातून माझा प्रबंध काढला आणि उभ्या उभ्या सही केली. म्हणाले, "निर्मला, तू सुटलीस. तीस जानेवारीच्या आत कार्यालयात देऊन टाक." मग धनेशला म्हणाले, "आता हा प्रयोग तुझा. पुढची चार वर्षं तू कुठे जात नाहीस." धनेशनं माझ्या पायांना हात लावला. त्याला वाटतंय, माझ्या हाताचा गुण त्याला मिळाला.

माझी खात्री आहे, पण पुरावा नाही. बीडच्या कवचावर बारीक ओरखडे आहेत, त्यात पॅलेडियम रुतलेलं असणार. ते दाखवायचं तर बीड आम्लराजात टाकायचा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकचं ते मिश्रण सोन्यालाही विरघळवतं, हे तुम्हीच शिकवलंय. पण एकदा टाकला की त्यातलं सगळं निघून येईल, आणि मग तो प्रयोग जगात कुणाच्याच हातून होणार नाही. माझ्याही नाही. सही केलेल्या प्रबंधात जे लिहिलंय ते खोटं ठरेल.

न टाकला तर मी महिन्याभरात घरी.

सहीचा कागद टेबलावर आहे. बीड रुमालात आहे. काय करू?

निर्मला


डहाणू, ९ जानेवारी २०१९

प्रिय निर्मला,

घरी ये. आधी हे लिहिते, कारण पुढचं लिहिताना मी डगमगेन.

तू खोटं लिहिलं नाहीस. तुला माहीत नव्हतं. जे तुझ्या डोळ्यांना दिसलं ते तू लिहिलंस. सरांनी अट घातली, ती पुरी झाली. सही झाली. कार्यालयात कागद दे, पदवी घे, आणि मग हातात पदवी असताना सावकाश सांग काय सांगायचं ते. पदवी नसलेल्याचं कोण ऐकतं?

तुला मी कधी सांगितलं नाही. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मुंबईत. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि मी महिन्याभरासाठी म्हणून घरी आले. प्राध्यापकांनी जागा राखून ठेवली होती. पुढच्या वर्षी जाईन म्हटलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी. वडील अकरा वर्षं अंथरुणावर होते. ते गेले तेव्हा मी तलासरीला नववी 'ब'ची वर्गशिक्षिका होते आणि मला परीक्षानळ्या मोजून कुलपात ठेवायच्या होत्या. अर्धवट सोडलेलं काम पुरं करायला कुणी परत जात नाही, निर्मला. मी बघितलंय. तू इतकी वर्षं तिथे काढून रिकाम्या हातांनी येशील, हे मला सोसणार नाही. हे स्वार्थाचं आहे, कळतंय मला. तरी लिहिते.

आणि एक कबूल करते. तुझं पत्र आलं तेव्हा सहीपर्यंतच वाचून मी तशीच एसटी पकडली. शुक्रीला सांगितलं, तुझी पोर डॉक्टर झाली. तिनं ताडपत्रीखालच्या सगळ्यांना सांगितलं. हेडमास्तरांनी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर तुझा सत्कार ठेवलाय. बाकीचं पत्र मी परतीच्या वाटेवर वाचलं.

बीड रुमालातच राहू दे. ये.

तुझी,
बाई


बडोदा, २० जानेवारी २०१९

आदरणीय बाई,

सत्काराला मी येणार नाही. सत्कार करावा असं काही राहिलेलं नाही.

तुमचं पत्र मला सोमवारी मिळालं. ते वाचून मी खरंच कागद पिशवीत घातला आणि कार्यालयाकडे निघाले. वाटेत प्रयोगशाळेत डोकावले, किल्ली ठेवायला. धनेश एकटाच होता. प्रयोग संपवून उत्पन्न मोजत होता. मला म्हणाला, "ताई, आज पासष्ट आलं. परवा सदुसष्ट होतं. सर म्हणाले, माझं लक्ष नाही. तुम्ही हात कसा ठेवायचात, जरा दाखवाल?"

त्यानं प्रयोगाआधी हात तीनदा साबणानं धुतले होते, बाई. बोटांची सालं निघाली होती.

बीडमधलं पॅलेडियम संपत चाललंय. वर्षभरात पन्नास होईल, मग तीस, मग शून्य. तेव्हा मी डॉक्टर धोडी म्हणून कुठे तरी शिकवत असेन, आणि हा मुलगा या बाकापाशी उभा राहून आपल्या हातांकडे बघत असेल. त्याला कुणी तरी लिंबू आणून ठेवेल.

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं मोजणीचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे माझी चूक नव्हती? त्या एकोणीस वेळांची?" मी म्हटलं, एकाही वेळची नाही. तो रडला. मग नाक पुसून म्हणाला, "पण ताई, तुमची सही?"

आम्ही दोघांनी मिळून बीड आम्लराजात टाकला. द्रव आधी फिका होता, हळूहळू तांबूस पिवळा झाला. बीड बाहेर काढला तेव्हा पांढरा स्वच्छ होता. मग त्याच बीडनं मी प्रयोग मांडला, दुसरा धनेशनं मांडला. दोघांचेही फसले. द्रव तपासायला दिला. अहवालात पॅलेडियम आहे, अगदी थोडं, पण आहे. ते थोडंसं नव्या बीडबरोबर मुद्दाम फ्लास्कमध्ये घातलं, तर प्रयोग झाला. धनेशच्या हातून झाला, शंभरात अठ्ठ्याहत्तर. म्हणजे आमच्या भांड्यात तीन नव्हे, चार धातू नांदत होते. चौथ्याचं नाव आम्ही लिहिलं नव्हतं.

हे सगळं टाइप करून सरांना दिलं, एक प्रत संचालकांना. सरांनी वाचलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त एवढंच म्हणाले, "हे तीस जानेवारीनंतर सापडू शकलं नसतं का?" आणि सहीचा कागद परत मागितला. मी दिला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, धनेशमार्फत निरोप देतात.

संचालकांनी शोधनिबंध मागे घ्यायला सांगितलंय. माझं काम पहिल्यापासून, चार धातूंसकट, पुन्हा करून लिहायचं. दोन वर्षं लागतील. शिष्यवृत्ती नाही, पण वसतिगृहातली खोली राहू देतील आणि बी.एस्सी.च्या मुलांचे प्रयोग घेण्याचं काम देतील. मला सोडून जाता आलं असतं. मी राहते म्हटलं. तुम्ही लिहिलंत ना, अर्धवट सोडलेल्या कामाकडे कुणी परत जात नाही. म्हणून मी निघतच नाही. त्याच बाकापाशी आहे, त्याच खिडकीतून तीच भिंत दिसते.

तुमचं ऐकलं नाही. रागवा. पण आईला काय सांगायचं ते मला सुचत नाही. या वेळी तुम्हीच ठरवा.

निर्मला


डहाणू, ६ फेब्रुवारी २०१९

प्रिय निर्मला,

तुझं पत्र २४ तारखेला आलं. सकाळी आलं, आणि संध्याकाळपर्यंत मी वाडीत चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. वहिनीनं दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला परत नेला. तू रागवा म्हणतेस. पोरी, मी तुला जी वाट दाखवली होती, तिच्या टोकाशी धनेश उभा होता. मला तो दिसलाच नाही. मी फक्त तुझ्याकडे बघत होते. खरं तर स्वतःकडेच.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. हेडमास्तरांनी बॅनर छापून घेतला होता, 'डॉ. निर्मला धोडी', आणि तुझा दहावीचा फोटो, दोन वेण्यांचा. म्हटलं, सत्कार रद्द करा. ते म्हणाले, "बाई, मंडप सांगितलाय." मी म्हटलं, मंडपात झेंडावंदन करा, सावली होईल. बॅनर मी घेऊन आले.

मग पाड्यावर. शुक्री ताडपत्रीपुढे तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, निर्मलाचं पत्र आहे, आणि आज सगळं वाचणार आहे. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आज सगळं? मग आजवर काय वाचत होतीस?"

मी पत्राची पानं सरळ करू लागले.

"पत्र चार-चार पानांचं येते, आन तू दोन घोट पाणी पिऊन होत नाय तवर संपवतेस. मला अक्षर नाय, बाई. पानं मोजता येतात."

सात वर्षं तिनं मला हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. जुनी पत्रंही पिशवीत होती, मी सगळं वाचलं. लिंबाचं वाचलं, सुट्टीचं वाचलं, माझं ९ तारखेचं पत्रही आठवून सांगितलं. धातूंची नावं आली की ती बोटं मिटायची, चौथं बोट मिटलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे पोरीनं चोरी केली?"

"नाही."

"मग?"

"तिच्या नकळत लबाडी झाली होती. कळल्यावर तिनं सांगितली."

"आन शिक्षा तिलाच."

"हो."

"तो दुसरा पोरगा, धुतल्या हातांचा, त्याला काय?"

"त्याला काही नाही. तो सुटला."

"मग बरोबर केलं तिनं," ती म्हणाली, सूप मांडीवर घेतलं आणि दोन-चार खडे वेचले. मग एकदम सूप आपटून म्हणाली, "बरोबर केलं, पण दोन वर्षं? आजून दोन वर्षं ती कोंडलेली राहील तिथं?" आणि रडली. मी तिला इतक्या वर्षांत प्रथमच रडताना पाहिलं. धक्के सुरू झाले तेव्हाही ती रडली नव्हती.

मला सांत्वन करता येईना. गोड काही सुचेना, आणि सुचलं असतं तरी ते बोलायची हिंमत नव्हती. मी सूप ओढून खडे वेचत बसले. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "बडोदं किती लांब?"

"चार तास. साडेचार."

"येवढंच?"

"एवढंच."

"मी समजत होते, दिवसरात जावं लागतं." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना, बाई? ती येऊ शकत नव्हती. मग आपण का नाय गेलो?"

निर्मला, तू येशील, मोठी होऊन येशील, यातच आम्ही सगळे इतके गुंतलो होतो की तिकीट काढून गाडीत बसावं हे कुणाच्या मनातच आलं नाही. मी निवृत्त बाई, दुपारी पुस्तकं चाळत लोळते. मला काय अडचण होती?

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं शुक्री आणि मी येतोय. स्टेशनवर येऊ नकोस, तुझा प्रयोग मांडलेला असेल. पत्त्यावर आम्ही पोचू. मला गुजराती बोलता येतं. तुझं काम होईपर्यंत शुक्री बाकाशेजारी बसेन म्हणते, सरांची परवानगी मी काढीन. तिला धनेशलाही बघायचंय. तिनं कधी प्रयोगशाळा पाहिलेली नाही, त्यामुळे मी भेटले की एकच विचारते, की आत जाताना चपला बाहेर काढायच्या का. मी म्हटलं, निर्मलाला विचारू. पण तुझं उत्तर येईपर्यंत आम्हीच तिथे असू, तेव्हा दारातच सांग.

तुझी,
निशिगंधाबाई